हॅलो चेक, वन टू चेक! हौशी बँडवाल्यांचे प्रश्न

या वेळी हौशी बँड आणि ऑर्केस्ट्रावाल्यांकडून प्रश्न मागवले होते. वाटलं होतं पाच-सहा येतील, पण गणपती जवळ आलेत त्यामुळे असेल, पिशवीभर पत्रं आली आणि निम्म्यांत साउंडवाल्याला शिव्या. मी काही मोठा म्युझिशियन नाही हे आधीच सांगतो. दिवसा ऑफिस, संध्याकाळी कीबोर्ड, असं वीसेक वर्षं चाललंय. मंडळं, सोसायट्या, रिटायरमेंटचे समारंभ, एकदा तर बारशालाही वाजवलंय (बाळ पूर्ण वेळ झोपलं होतं, मी ती दादच समजतो). तर चुकत चुकत जे कळलंय ते लिहितो.

प्रश्न : मी बँकेत आहे, वय ४७. आमचा आठ जणांचा ग्रुप आहे, कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर पहिलाच कार्यक्रम. घरी सगळं नीट वाजतं पण चार लोक समोर बसले की हात थरथरतात, मधेच कॉर्ड विसरतो. काय करू? – एक गिटारवाले, सांगली

दादा, हात थरथरणं जात नाही, माझे अजून पहिल्या गाण्याला थंडगार पडतात. ते घालवायच्या मागे लागू नका, त्याची सोय करून ठेवा. पहिलं गाणं असं घ्या की झोपेतून उठवलं तरी वाजेल, तीन-चार कॉर्डचं, मध्यम लयीचं, आणि त्यात तुमचा एकट्याचा पीस नको. लोक नेमकं उलटं करतात, दणक्यात सुरुवात पाहिजे म्हणून सगळ्यात अवघड गाणं पहिलं ठेवतात आणि मग पुढची तीन गाणी त्या धक्क्यातून सावरण्यात जातात.

लय पळते हे तर ठरलेलंच. छातीत धडधड वाढली की आपल्याला नेहमीची लय संथ वाटायला लागते, मग ढोलकीवाला पळतो, त्याच्यामागे सगळे पळतात आणि शेवटच्या अंतऱ्यात गायकाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. मोबाइलवर मेट्रोनोमचं कुठलंही फुकट ॲप असतं, सुरुवातीचा काउंट देणाऱ्याने त्यात बघूनच द्यायचा, मनाने नाही.

आणि प्रॅक्टिसची एक सवय मोडा. घरी आपण चुकलो की थांबतो, सॉरी म्हणतो, परत मुखड्यापासून, म्हणजे सहा महिने आपण थांबायचीच प्रॅक्टिस केलेली असते. शेवटचे दोन रविवार नियम करा की काही झालं तरी थांबायचं नाही. कॉर्ड विसरली तर तारांवर हात ठेवून गप्प राहायचं आणि पुढच्या समेवर परत यायचं, बेस आणि कीबोर्ड चालू असतात, कुणाला कळत नाही. खरं सांगू का, समोरच्यांना चुकलेली कॉर्ड ऐकू येतच नाही, त्यांना ऐकू येते ती दोन गाण्यांमधली खुसपुस, 'आता कुठलं रे', 'अरे माझं पान कुठंय'. १२ गाणी असली तर मधे ११ फटी, प्रत्येकीत दोन मिनिटं गेली तर २२ मिनिटं, म्हणजे पाच गाण्यांचा वेळ तुम्ही लोकांना नुसतं बसवून ठेवलंत. तेव्हा गाण्यांची यादी मोठ्या अक्षरात, प्रत्येकासमोर एक, गाण्यापुढे पट्टी लिहिलेली. कागदच घ्या आणि घरातले कपड्यांचे चिमटे घेऊन जा, गच्चीवर वारा असतो. टॅबलेटवर बघून वाजवणाऱ्यांचं काय होतं ते मी पाहिलंय, ऐन अंतऱ्यात स्क्रीन झोपते, नाहीतर उजेडाला किडे येऊन बसतात आणि कॉर्ड कुठली, किडा कुठला कळत नाही.

कोजागिरीचं आणखी एक, रात्री दव पडतं. तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, ओल धरते आणि स्वर उतरतो, गिटारही हलते. गाणं नसेल तेव्हा तबला जाड कापडाखाली झाकून ठेवा, आणि दर चार गाण्यांनी निवेदकाला एक मोठा किस्सा सांगायला लावून तेवढ्यात ट्यूनिंग करा. आणि मसाला दूध कार्यक्रमानंतर, आधी नाही. घशात कफ होतो अशी आमच्या गायकांची समजूत आहे. मला ते पटलेलं नाही, पण पेला केबलवर सांडताना मी पाहिलाय.

प्रश्न : मंडळाच्या स्टेजवर आम्हाला स्वतःचाच आवाज येत नाही, वाढव म्हटलं की माइक शिट्टी मारतो. साउंडवाला म्हणतो तुम्हाला गाता येत नाही. चूक कुणाची? – एक गायिका, नाशिक

ताई, थोडी त्याची, बरीचशी सगळ्यांची. शिट्टी म्हणजे फीडबॅक. स्पीकरमधला आवाज परत माइकमध्ये जातो, परत स्पीकरमधून येतो, असा फिरत राहतो आणि एक स्वर किंचाळायला लागतो. पहिली गोष्ट बघायची, लोकांकडे तोंड केलेले मोठे स्पीकर तुमच्या पुढे आहेत की मागे. मांडवात जागा नसते म्हणून ते मागच्या पडद्याला टेकवून ठेवतात आणि गायक त्यांच्यासमोर उभा, मग शिट्टी नाही मारणार तर काय. स्पीकर पुढच्या कडेला, तुम्ही त्यांच्या मागे. तुमच्यासाठीचा छोटा मॉनिटर, म्हणजे तुमचाच आवाज तुम्हाला ऐकवणारा स्पीकर, जमिनीवर, माइकच्या बरोबर शेपटीकडे. आपल्याकडे सगळीकडे दिसणारा जाळीचा माइक, शुअरचा एसएम ५८ म्हणा किंवा त्याची नक्कल, समोरचं ऐकतो आणि पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून ती जागा. आणि जाळी मुठीत धरू नका! टीव्हीवर स्टाइल म्हणून धरतात, पण जाळीच्या मागच्या फटी झाकल्या की तो माइक सगळीकडचं ऐकायला लागतो आणि शिट्टी हमखास. हात खाली दांड्यावर.

आता बँडचं पाप. गायिका म्हणते मला वाढव, मग गिटारवाला म्हणतो मला पण, मग कीबोर्ड (म्हणजे मीच), अर्ध्या तासात सगळे शंभरावर आणि कुणालाच काही ऐकू येत नाही. साउंड चेकला वाढव म्हणायच्या आधी 'कीबोर्ड जरा कमी कर' म्हणून बघा, जादू होते. मला हे उमगायला दहा वर्षं लागली, मी अंतऱ्याखाली डाव्या हाताने बेस पण वाजवायचो, उजव्या हाताने स्ट्रिंग्ज पण, मधे बासरी पण, मग गायिकेला जागा कुठे राहणार. आता गाणं चालू असताना बराच वेळ माझा एक हात मांडीवर असतो.

आणि हे मात्र हसण्यावारी नेऊ नका. माइकला ओठ लागल्यावर किंवा गिटार धरून माइकला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तिथल्या तिथे थांबायचं, मेन बंद करायला लावायचं. मांडवात लाइन आकड्यासारखी ओढलेली असते, अर्थिंग नसतं, आणि ॲम्प्लिफायरची बॉडी जिवंत झालेली असू शकते, यात माणसं गेलेली आहेत. साउंडवाल्याला आल्या आल्या विचारा, अर्थिंग आहे का, आणि टेस्टरने तपासून दाखव म्हणा. रागावला तर रागावू दे. नुसती घूंऽऽ अशी गुरगुर येत असेल तर ती बहुतेक ५० हर्ट्झची लाइनचीच असते, लाइटिंगचे डिमर आणि साउंड एकाच लाइनवर असतील तर वेगळे करायला सांगा.

प्रश्न : आमच्यात दोन गायक, एक गायिका, प्रत्येकाची पट्टी वेगळी. पेटीवाले काका 'काळी दोन' म्हणतात, गिटारवाला म्हणतो मला ते कळत नाही. दर रविवारी भांडण. – ऑक्टोपॅडवाला, ठाणे

सोपं आहे रे. पांढरी एक म्हणजे सी, तिथून पांढऱ्या डी, ई, एफ, जी, ए, बी. काळी एक सी शार्प, काळी दोन डी शार्प, मग तीन, चार, पाच म्हणजे एफ शार्प, जी शार्प, ए शार्प. हे एका कागदावर लिहून प्रॅक्टिसच्या भिंतीला चिकटव, भांडण संपलं.

गाणं मूळ पट्टीतच पाहिजे हा हट्ट सोडा. पट्टी गायकाची, गाण्याची नाही. वरचा सूर ओढूनताणून लागत असेल तर खाली आणा, फक्त सगळ्यात खालची ओळ ऐकू येतेय ना ते बघा. युगुलगीतात पंचाईत होते खरी, पुरुषाला सोयीचं ते बाईला खर्जात जातं, तिथे तिचा वरचा सूर मोकळा लागेल अशी पट्टी धरावी आणि गायकाने सांभाळून घ्यावं असं माझं मत, यावर आमच्याकडेही एकमत नाही. गिटारला कापो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून वर जाता येतं, खाली नाही. पांढरी तीनमधलं गाणं काळी दोनला आणायचं असेल तर डीचे शेप धरायचे आणि कापो पहिल्या पडद्यावर. तबला कुठल्याही पट्टीला ताणता येत नाही, त्यामुळे तबलजीला यादी आठवडाभर आधी द्या. काळी एकच्या गाण्याला काळी चारचा तबला पंचमात चालून जातो, असे हिशेब ते लोक बरोबर करतात.

कीबोर्डवाल्याला माझ्यातर्फे सांग, ट्रान्सपोजचं बटण (सगळ्या कीबोर्डची पट्टी वरखाली करणारं) गाणं संपलं की शून्यावर. एका नगरपालिकेच्या हॉलमध्ये मी ते विसरलो होतो. पुढच्या गाण्याचा पीस मी एका पट्टीत आणि बाकी सगळे दुसऱ्या पट्टीत, आणि मी त्यांच्याकडे अशा नजरेने बघतोय की तुम्ही काय करताय.

प्रश्न : सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात गाण्यांचं लायसन्स लागतं, पोलीस परवानगी लागते, नसती झंझट नको. खरंच लागतं का? – आमचा आवाज ग्रुप, पिंपरी-चिंचवड

सेक्रेटरींचं अर्धं बरोबर आहे. कॉपीराइट कायदा १९५७, त्यातल्या कलम ५२ मध्ये सूट दिलेली आहे. हौशी क्लबने किंवा संस्थेने पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांसमोर, किंवा एखाद्या धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी गाणी सादर केली तर त्याला उल्लंघन धरत नाहीत. सोसायटीतला कार्यक्रम, तिकीट नाही, तुम्हीही मानधन घेत नाही, मग निवांत राहा. तिकीट लावलं की गोष्ट बदलते, मग गीतकार-संगीतकारांच्या वतीने लायसन्स देणारी आयपीआरएस ही संस्था आहे, १९६९ पासूनची, तिच्याकडे अर्ज करायचा आणि तो आयोजकाने करायचा हे आधीच ठरवून घ्या. एक बारीक गोम आहे, ती सूट गाणं वाजवण्या-गाण्याला आहे, तयार रेकॉर्डिंग लावण्याला नाही, तेव्हा मायनस वन ट्रॅकवर (गायकाचा आवाज काढलेल्या तयार रेकॉर्डिंगवर) गाणाऱ्यांनी त्या कलमावर विसंबू नये. तुम्ही सगळे हाताने वाजवत असाल तर तुमचं बरंय.

लाउडस्पीकरची परवानगी मात्र लागतेच, पोलीस स्टेशनला आधीच अर्ज द्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, ते दिवस जाहीर होतात, आपला दिवस त्यात आहे का हे विचारून घ्यायचं, गृहीत धरायचं नाही. आणि आपल्याकडे साडेसातचा कार्यक्रम साडेआठला सुरू होतो, मग सत्कार, मग प्रायोजकांची नावं, म्हणून सगळ्यात चांगली चार गाणी शेवटी राखून ठेवू नका. पावणेदहाला कार्यकर्ता हाताने कात्री दाखवतो आणि ती राहून जातात. आमची कितीदा राहिलीत.

प्रश्न : सुपारी ठरली होती, कार्यक्रमानंतर हातात शाल आणि नारळ. पैसे मागायचे कसे? – नाव नको

कार्यक्रमानंतर मागून मिळत नाहीत. निम्मे आधी घ्या, साउंड कुणाचा, जेवण किती जणांचं, किती वाजेपर्यंत, एवढं एका व्हॉट्सॲप मेसेजमध्ये लिहून समोरच्याकडून 'ओके' घ्या, पुरे झालं. आलेल्या पैशातून आधी गाडीचं डिझेल आणि तारांचा खर्च काढा, उरलेलं सगळ्यांना सारखं, गायकाला जास्त नाही. ग्रुप फुटतात ते इथे. नारळ आम्ही वाटून घेतो, शाली आमच्या कीबोर्डच्या केसमध्ये पॅकिंग म्हणून छान बसतात.

प्रश्न : आमचा ड्रमर फार जोरात वाजवतो, दहा बाय बाराच्या खोलीत प्रॅक्टिस, रात्री कानात सूंऽऽ आवाज येतो. – इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, मडगाव

बाळा, तो आवाज म्हणजे कान दुखावल्याची खूण आहे, सवय होईल म्हणू नकोस. ८५ डेसिबलला आठ तास चालतं असं धरतात, पण दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० ला जेमतेम १५ मिनिटं, आणि बंद खोलीतला ड्रमसेट १०० सहज ओलांडतो. म्युझिशियनचे इअरप्लग मिळतात, ते सगळे सूर सारखेच कमी करतात म्हणून ट्यूनिंग कळतं, ते घे. ड्रमरला काठ्यांऐवजी ब्रश किंवा काड्यांच्या जुड्या दे, भिंतींना जाड गोधड्या लावा. आणि सूं गेलीच नाही तर कानाच्या डॉक्टरकडे जा, आईला सांगून.

प्रश्न : मी वाजवत नाही, माझे मिस्टर वाजवतात. दर रविवारी सात-आठ जण आमच्या हॉलमध्ये, मी पोहे करते, खालचे जोशी-कुलकर्णी सगळे माझ्याकडे तक्रार करतात, आणि तीन रविवार झाले तेच गाणं दुसऱ्या अंतऱ्याला चुकतंय. ऐकून ऐकून वीट आला. – एक वैतागलेली, डोंबिवली

वहिनी, आधी पोहे बंद करा. आजपासून. ज्याचं घर त्याने जागा द्यायची, खाणं दुसऱ्याने आणायचं, आणि घरं पाळीपाळीने. ऑक्टोपॅड, कीबोर्ड, गिटार सगळं एका छोट्या मिक्सरमध्ये जोडून हेडफोनवर वाजवता येतं, खालच्यांना फक्त गायकाचा आवाज जाईल (तो मात्र थोडा सहन करावा लागेल, नुसता गायक ऐकणं हा वेगळा अनुभव असतो).

पण तुमच्या पत्रातली एक गोष्ट मी दोनदा वाचली. दुसऱ्या अंतऱ्याला चुकतंय हे आठ जणांपैकी कुणी मला लिहिलेलं नाही, तुम्ही लिहिलंत. पुढच्या रविवारी चुकलं की स्वयंपाकघरातून बाहेर येऊन नेमकं कुठे ते सांगाल का? आणि झालं काय ते मला कळवा.