ओपनफोमसाठी ६४ कोअरचे दोन सर्व्हर घ्यावेत की ३२ कोअरचे चार?

कॉलेजच्या लॅबसाठी तुमच्याकडे दोन कोटेशनं आली आहेत: एएमडीच्या ६४ कोअरच्या एपिक ७७१३ प्रोसेसरचे दोन सर्व्हर किंवा ३२ कोअरच्या एपिक ७५४३ चे चार, सगळे एका सॉकेटचे, म्हणजे प्रत्येकात एकच प्रोसेसर. दोन्हीकडे कोअर १२८च. काम ओपनफोमचं (हवा-पाण्याच्या प्रवाहाचं गणित सोडवणारं सॉफ्टवेअर) असेल तर मी डोळे झाकून चार घेईन.

पंगतीत ६४ पानं मांडली आणि वाढपी आठच असले तर काय होतं? तेच. ओपनफोम मेमरीतून भलीमोठी मॅट्रिक्स ओढतं, प्रत्येक आकड्यावर जेमतेम दोन-चार क्रिया करतं आणि पुढचा घास मागतं. या दोन्ही प्रोसेसरना मेमरी चॅनेल (रॅममधून डेटा आणणाऱ्या वाटा, म्हणजेच आपले वाढपी) आठ, डीडीआर४-३२०० रॅमवर कागदोपत्री वेग सेकंदाला २०४.८ जीबी. ३२ कोअरमध्ये वाटलं तर प्रत्येकाला ६.४ जीबी, ६४ मध्ये ३.२. शिवाय एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच छोटी, वेगवान मेमरी) दोघांनाही २५६ एमबीच, म्हणजे चार सर्व्हर घेतले की तीही दुप्पट. मूळ क्लॉकही ७५४३ चा जास्त: २.८ गिगाहर्ट्‌झ, ७७१३ चा २. (रेणूंच्या हालचाली मोजणाऱ्या ग्रोमॅक्ससारखं काम असतं तर गोष्ट वेगळी. त्याचा डेटा बराचसा कॅशमध्ये मावतो, तिथे ६४ कोअर पोसले जातात.)

पण वाढपी आठच्या आठ हजर आहेत ना, हे आधी बघा. आमच्याकडे ३२ कोअरचा सर्व्हर आला, १२८ जीबी रॅमचा. आठ प्रोसेसपर्यंत वेळ कमी होत गेला, पुढे १६ लावा की ३२, घड्याळ जागचं हलेना. आठवडाभर आम्ही एमपीआयला (वेगवेगळ्या कोअरवरच्या प्रोसेसमध्ये निरोपांची देवाणघेवाण करणारी व्यवस्था) शिव्या घातल्या. शेवटी झाकण उघडलं तर ६४ जीबीच्या दोनच स्टिक, बाकी स्लॉट रिकामे! डीलरचं म्हणणं, “सर, रॅम तेवढीच आहे ना?” तेवढीच होती, पण चॅनेल दोनच चालू होते. १६ जीबीच्या आठ बसवल्या आणि तोच सर्व्हर पळायला लागला. म्हणून कोटेशनमध्ये नुसतं ‘१२८ जीबी’ चालवून घेऊ नका, ‘१६ × ८’ असं लिहून घ्या.

चार सर्व्हरचा तोटा म्हणजे नेटवर्क. साध्या गिगाबिटवर सेकंदाला फार तर १२५ एमबी जातं. चार नोड (म्हणजे चारही सर्व्हर) एकाच केसवर, म्हणजे एकाच गणितावर, लावायचे असतील तर किमान १० गिगाबिट घ्या, जुनं इन्फिनिबँड (सर्व्हर जोडायचं वेगवान नेटवर्क) धड अवस्थेत मिळालं तर उत्तमच. एका नोडवर एकेक केस चालवणार असाल तर गिगाबिटवरही भागेल.

स्वस्तात पडतात म्हणून लहान-मोठ्या कोअरची सरमिसळ असलेले डेस्कटॉप प्रोसेसर कोणी सुचवले तर नको म्हणा. एमपीआयमध्ये सगळे सगळ्यात हळू कोअरसाठी थांबून राहतात.

पैसे भरण्यापूर्वी तुमचीच एखादी केस भाड्याच्या क्लाउड मशीनवर ८, १६, ३२, ६४ प्रोसेसवर चालवून बघा. एका टाइमस्टेपला (गणितातल्या काळाच्या एका टप्प्याला) लागणारा वेळ कुठे कमी व्हायचा थांबतो, तो आकडा टिपून ठेवा आणि मग डीलरला फोन करा.