आजीची चाळिशी, नातवाचा चष्मा

"मॅडम, चष्मा लावूनही याला फळ्यावरचं दिसत नाही. मग लावायचा कशाला?" धुळ्यात मुलांचे डोळे तपासायला माझ्याकडे येणारे पालक हे इतक्यांदा विचारतात की एकदा लिहूनच टाकते.

अमळनेरकडचं कुटुंब. सहा वर्षांचा मुलगा, दोन्ही डोळ्यांना प्लस साडेपाच नंबर, चष्म्यासकट नजर ६/१८; म्हणजे चांगल्या नजरेला १८ मीटरवरून दिसतं ते याला ६ मीटरवरून. चष्मा कपाटात. वडिलांना धास्ती, पोरं 'ढापण्या' म्हणतील. आजीचा सवाल वेगळाच: "मना नातूले आतेच चाळिशी लागनी का?"

दोन भेटी मी आईवडिलांशीच बोलत बसले. घरात शब्द कोणाचा चालतो ते आधी हेरा, असं शिकाऊ मुलींना सांगणारी मी!

तिसऱ्या भेटीला आजींनाच पुढे बसवलं. "तुमची चाळिशी काढा, याचा चष्मा लावा आणि पोतीचे मणी बघा." त्यांनी पोत नाकाजवळ नेली. मणी न् मणी दिसला.

"हाऊ त मनापेक्षा मोठा नंबर शे!"

"तुमच्या डोळ्याला आता जो जोर लावता येत नाही, तो हा जन्मापासून लावतोय. जवळचं बघायला, लांबचंही बघायला. तेवढा जोर पुरत नाही, चित्र पुसटच राहतं. मग मेंदू स्पष्ट बघायला शिकणार कधी?"

आजी गप्प. मीही गप्प राहिले. हे मात्र मला जमतं. त्यांनी चष्मा पदराने पुसला आणि नातवाच्या नाकावर चढवला.

लगेच लख्ख दिसत नाही, तिथेच घरं हार मानतात. डोळ्यांत थेंब घालून काढलेल्या पूर्ण नंबरने सुरुवातीला लांबचं उलट धूसर वाटू शकतं. डोळ्याची जोर लावायची सवय एकदम सुटत नाही. उठल्यापासून झोपेपर्यंत चष्मा राहिला, तर नजर महिन्यांच्या हिशेबाने सुधारते. दोन्ही डोळे सारखे मंद, म्हणजे स्पष्ट बघायला न शिकलेले, असतील तर बऱ्याचदा नुसत्या चष्म्यानेच. एकच मागे असेल तर चांगल्या डोळ्यावर पट्टी लागू शकते, पण नेत्रतज्ज्ञांनी सांगितली तरच आणि सांगितली तितकेच तास. सात-आठ वर्षांच्या आत सुरुवात उत्तम; उशीर झाला म्हणून सोडू मात्र नये. आणि चष्मा वापरल्याने नंबर वाढत नाही.

तीन महिन्यांनी नजर ६/१२ झाली. चष्म्यावर पहारा आजींचा. शाळेत 'ढापण्या' म्हणतातच, पोरगा हसून सोडून देतो. पुढच्या आठवड्यात वडील एकटे येणार आहेत.