माझ्या व्यवसायात सांगण्यासारखं काही घडतच नाही, मग सोशल मीडियावर गोष्ट कुठली सांगू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'गोष्ट सांगा, लोक जोडले जातील' असं सगळीकडे ऐकलं म्हणून तुम्ही व्यवसाय कसा सुरू झाला ते लिहिलं, लोगोसकट टाकलं, ओळखीच्या दहाबारा जणांनी लाइक केलं आणि तिथंच सगळं थांबलं. आता पुढं काय सांगायचं ते कळत नाही, कारण रोजच्या कामात सांगण्यासारखं काही नसतं.

छोट्या व्यावसायिकांसाठी लिहिण्याचं काम मी नऊ वर्षं करतेय. 'आमच्याकडे सांगण्यासारखं काही नाही' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पहिल्या भेटीत ऐकलंय, आणि ते खरं निघालं असं एकदाही झालेलं नाही. गोष्ट बहुतेक वेळा मी वही मिटल्यावर, निघता निघता सापडते.

एका बाइंडरचं सांगते. पुस्तकं बांधून देणं हा त्यांचा व्यवसाय. त्यांच्या पेजवर बांधलेल्या पुस्तकांचे फोटो, आणि प्रत्येकाखाली 'दर्जेदार काम, वाजवी दर'. तासभर बोलूनही माझ्या हाती काही लागलं नव्हतं. उठताना टेबलाच्या कडेला कागदांची एक ओळ मांडलेली दिसली. जुनी तिकिटं, वाळलेलं पान, कसलीशी यादी, आणि प्रत्येकाखालच्या चिठ्ठीवर पेन्सिलनं एक आकडा. हे काय, असं विचारलं तर म्हणाले, "एक शब्दकोश आलाय बांधायला. त्याच्यात हे सगळं होतं. कुठल्या पानात काय होतं ते लिहून ठेवलंय. बांधून झाला की परत तिथंच ठेवायचं." मी म्हटलं, हे मघाशी का नाही सांगितलंत? त्यांना माझा प्रश्नच कळेना. "त्यात काय सांगायचं? आम्ही नेहमीच करतो."

त्या दिवसापासून 'आम्ही नेहमीच करतो' हे शब्द कानावर पडले की मी वही पुन्हा उघडते. आपल्याला आपलं काम इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यातलं नवल फक्त बाहेरच्याला दिसतं. ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीही अशीच होती. क्लॉड हॉपकिन्स हा अमेरिकी जाहिरातलेखक श्लिट्झ या बिअर कंपनीसाठी काम करत होता. त्याचं आत्मचरित्र १९२७ साली आलं, त्यात हा अनुभव आहे. तो कारखाना बघायला गेला आणि थक्क झाला: बाटल्या चार-चार वेळा धुतल्या जात होत्या, पाणी ४,००० फूट खोल विहिरीतून येत होतं. हे लोकांना का सांगत नाही, असं त्यानं विचारलं. उत्तर मिळालं, सगळेच कारखाने असंच करतात. पण सांगत कुणीच नव्हतं. त्यानं ते सांगितलं, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे काही महिन्यांत कंपनी पाचव्या क्रमांकावरून पहिल्याच्या बरोबरीला आली.

ब्लेंडटेक या मिक्सर बनवणाऱ्या कंपनीचे २००६ मध्ये यूट्यूबवर गाजलेले व्हिडिओही असेच सापडले होते. मालक टॉम डिक्सन मिक्सरची ताकद तपासायला त्यात लाकडाचे तुकडे घालत असत. मार्केटिंगसाठी नव्यानं आलेल्या माणसाला जमिनीवर भुसा दिसला आणि त्यानं चौकशी केली. बाकीच्यांच्या लेखी तो रोजचाच कचरा होता.

आता तुमच्या पोस्टबद्दल. ती तुम्ही प्रश्नात उतरवली आहे म्हणून स्पष्ट बोलते: 'अथक परिश्रम', 'गुणवत्तेची कास', 'ग्राहकांचा विश्वास'. हा परिचय झाला. यातून मला तुमचं काम दिसत नाही, तुमचा चेहराही दिसत नाही. गोष्टीत कुणाला तरी काहीतरी हवं असतं, मध्ये काहीतरी आडवं येतं, मग कुणीतरी काहीतरी करतं. आडवं येणारं काही नसेल तर वाचणाऱ्याला पुढं वाचायचं कारण राहत नाही. नेमका हाच भाग व्यावसायिक मंडळी काळजीपूर्वक काढून टाकतात, कारण अडचण सांगितली तर आपण कमी पडलो असं दिसेल अशी भीती वाटते.

माणसाचं मन गोष्ट किती चटकन पकडतं ते पाहायचं असेल तर फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांचा १९४४ सालचा प्रयोग बघा. त्यांनी एक छोटी फिल्म केली. त्यात एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक वर्तुळ आणि उघडझाप होणारं दार असलेला एक चौकोन, एवढंच. ३४ जणांना ती दाखवून काय दिसलं ते लिहायला सांगितलं. फक्त एकानं भूमितीच्या भाषेत लिहिलं. बाकीच्यांनी भांडण, पाठलाग, घाबरणं, वाचवणं असं काय काय लिहिलं. तिथं नट नव्हते, संगीत नव्हतं, चेहरेसुद्धा नव्हते. हालचाल होती आणि एक बंद दार होतं. म्हणून 'आमच्याकडे चांगला कॅमेरा नाही' हे कारण मी फारसं मनावर घेत नाही.

बाइंडरच्या पोस्टची पहिली ओळ आम्ही ठेवली: 'या शब्दकोशातून १७ कागद निघाले.' फोटोत फक्त हात आणि ते कागद. मग चार-पाच वाक्यं: शिवण पूर्ण सुटलेली, पुठ्ठा गेलेला, पण कागदांच्या जागा हलवायच्या नाहीत कारण मालकाला कुठला शब्द कुठं आहे हे त्यांच्यावरूनच सापडतं. शेवटी, बांधून झाला आणि १७ कागद आपापल्या पानांत परत गेले. दर्जा, विश्वास, परिश्रम यातला एकही शब्द त्यात नव्हता. खाली लोकांनी आपापल्या पुस्तकांबद्दल लिहायला सुरुवात केली, कुणाच्या आजीची वही, कुणाचं शाळेचं बक्षीस. त्यातली काही पुस्तकं नंतर त्यांच्याकडे बांधायला आली आणि पुढच्या गोष्टी त्यांतूनच मिळाल्या. लहानपणी गोष्ट ऐकताना आपण 'हं, हं' असा हुंकार द्यायचो ना, या कमेंट म्हणजे तोच हुंकार. तो थांबला तर सांगणाराही थांबतो. म्हणून पोस्ट टाकून फोन बाजूला ठेवू नका. पहिले दोन तास उत्तरं देण्यासाठी मोकळे ठेवा.

त्या पोस्टमध्ये बाइंडर हा नायक नव्हता, हेही पाहा. शब्दकोश होता आणि तो वापरणारा माणूस होता. तुमच्या सुरुवातीच्या कहाणीत नायक तुम्ही आहात. तशी गोष्ट वर्षातून एकदा चालते. रोज मात्र वाचणाऱ्याला स्वतःला शिरता येईल अशी जागा लागते, आणि ती तुमच्या ग्राहकाच्या गोष्टीत असते.

आणि माणूस एकच घ्या. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांचा २००७ सालचा अभ्यास आहे. लोकांना एक प्रश्नावली भरल्याबद्दल ५ डॉलर देऊन त्यातलं किती दान कराल असं पाहिलं गेलं. आफ्रिकेतल्या उपासमारीची आकडेवारी वाचणाऱ्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले. रोकिया नावाच्या एका सात वर्षांच्या मुलीबद्दल वाचणाऱ्यांनी २.३८. मला खरं महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: रोकियाच्या गोष्टीला आकडेवारी जोडली तेव्हा दान १.४३ वर उतरलं. आपण नेमकं हेच करतो. गोष्ट छान लिहितो आणि शेवटी 'आजवर ५०० हून अधिक समाधानी ग्राहक' असं चिकटवतो. ते वाक्य पेजच्या परिचयात टाका, गोष्टीत नको.

ग्राहकाची गोष्ट सांगायची तर आधी विचारा, आणि नुसतं 'टाकू का?' असं नको, लिहिलेला मजकूर दाखवा. सुरुवातीच्या काळात मी एकदा तोंडी होकारावर पोस्ट टाकली. नाव नव्हतं, पण तपशिलांवरून त्या बाईंना त्यांच्या घरच्यांनी ओळखलं, आणि जे त्यांना घरात सांगायचं नव्हतं ते बाहेर आलं. पोस्ट अर्ध्या तासात काढली, पण त्याचा उपयोग नव्हता. ती चूक माझी होती. तेव्हापासून मजकूर दाखवल्याशिवाय एक ओळही जात नाही.

तुम्ही विचारलंय की थोडं रंगवून लिहिलं तर चालेल का. क्रम बदला, काटछाट करा, घडलेलंच सांगा. ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटची स्थापना १९९५ मध्ये झाली. पेझच्या गोळ्यांच्या डब्या जमवणाऱ्या आपल्या होणाऱ्या बायकोसाठी पियेर ओमिड्यार यांनी ही साइट काढली, अशी कथा अनेक वर्षं छापून येत होती. ती प्रसिद्धीसाठी रचलेली होती हे २००२ मध्ये उघड झालं. वाईट याचं वाटतं की खरी गोष्ट जास्त चांगली होती. साइटवर विकली गेलेली पहिली वस्तू एक मोडका लेझर पॉइंटर होता, किंमत १४.८३ डॉलर. तो मोडका आहे हे कळलंय ना, असं ओमिड्यार यांनी विकत घेणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, मी मोडकेच लेझर पॉइंटर जमवतो. जगात कुठलीही वस्तू कुणाला तरी हवीच असते हे याहून चांगलं कसं सांगणार?

रचलेली गोष्टही वस्तूची किंमत वाढवते हे खरंच आहे. रॉब वॉकर आणि जोशुआ ग्लेन यांनी २००९ मध्ये सरासरी सव्वा डॉलरला एक अशा किरकोळ जुन्या वस्तू घेतल्या, लेखकांकडून प्रत्येकीवर गोष्ट लिहून घेतली आणि लिलावात विकल्या. १२८.७४ डॉलरच्या वस्तू ३,६१२.५१ डॉलरला गेल्या. पण गोष्ट काल्पनिक आहे आणि कुणी लिहिली आहे हे तिथं स्पष्ट दिलेलं होतं. घेणाऱ्यानं सगळं माहीत असून पैसे दिले. कल्पित लिहायची हौस असेल तर असं उघडपणे लिहा. खोटा ग्राहक आणि खोटा अनुभव मात्र लिहू नका. ते पकडलं गेलं की तुमच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

मांडणीबद्दल थोडंच सांगते. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये २,२०० अक्षरं बसतात, पण आधी दिसतात त्या पहिल्या एक-दोन ओळी. आपल्या कहाण्यांची सुरुवात 'आटपाट नगर होतं' अशी निवांत असायची, कारण ऐकणारा समोर बसलेला असायचा. इथं तो बोटानं पुढं सरकवत असतो. मी पहिला मसुदा लिहून झाला की पहिला परिच्छेद झाकून वाचते, आणि बहुतेक वेळा गोष्ट दुसऱ्यापासूनच सुरू झालेली असते. 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी' हे आपल्याकडे म्हणतात ते इथं शब्दशः करायचं.

फीडमध्ये 'भाग १, भाग २' करू नका. २०१६ पासून इन्स्टाग्रामची फीड एरवी वेळेच्या क्रमानं दिसत नाही, त्यामुळे कुणाला भाग ३ आधी दिसेल आणि भाग १ कधीच नाही. प्रत्येक पोस्ट स्वतंत्र वाचता आली पाहिजे. क्रमानं उलगडायचं असेल तर एकाच पोस्टमध्ये अनेक फोटो लावा, नाहीतर २४ तासांत नाहीशा होणाऱ्या स्टोरीत काम चालू असतानाच थोडं थोडं दाखवा. व्हिडिओ असेल तर शब्द पडद्यावर लिहा, अनेकजण आवाज बंद ठेवूनच बघतात.

विक्रीचं वाक्य शेवटी, वेगळ्या ओळीत आणि साधं: 'अशी पुस्तकं आम्ही बांधतो. विचारायचं असेल तर मेसेज करा.' ते गोष्टीत लपवू नका, आणि लाजून गाळूही नका. तसंच सगळंच गोष्टीतून सांगायची गरज नाही. वेळा, दर, पत्ता शोधत आलेल्या माणसाला ते एका नजरेत मिळालं पाहिजे.

लाइक मोजत बसू नका. किती जणांनी पोस्ट जपून ठेवली, किती जणांनी दुसऱ्याला पाठवली, आणि मुख्य म्हणजे किती मेसेज आले ते पाहा. बाइंडरच्या पेजवर अजूनही लाइक बेताचेच असतात, मेसेज मात्र येतात.

एक छोटी वही कामाच्या जागी ठेवा. संध्याकाळी दोन ओळी लिहा: आज कुठं अडलं, आणि ग्राहक नेमके कुठले शब्द बोलला. त्याचे शब्द सुधारू नका. तीन आठवड्यांनी वही चाळा, निदान चार-पाच नोंदींपाशी तुम्ही स्वतःच थांबाल.

प्रश्नात तुम्ही व्यवसाय कोणता ते लिहिलेलं नाही. गेल्या महिन्यात ज्या कामानं ठरल्यापेक्षा जास्त वेळ घेतला ते एक काम आठवा आणि का वेळ लागला ते खाली जसं आठवेल तसं लिहा. त्यातली पहिली ओळ कुठली करता येईल ते आपण मिळून बघू.