वैनगंगेच्या काठावरून समुद्राकडे
बालशिक्षण : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न : मी भंडारा जिल्ह्यातील एका लहान गावात अंगणवाडी सेविका आहे. माझ्याकडे तीन ते सहा वर्षांची बावीस मुले येतात. या महिन्यात ‘समुद्र’ हा विषय घ्यायचा आहे. परंतु मुलांपैकी एकानेही समुद्र पाहिलेला नाही आणि मीही पाहिलेला नाही. शहरातल्या शाळांच्या चित्रफितींत दिसणारे चकचकीत कागद, तयार डोळे, चमकी हे साहित्य आमच्याकडे मिळत नाही. सुरुवात कशी करावी?

उत्तर : आपण समुद्र पाहिलेला नाही, ही गोष्ट मुलांपासून लपवू नका. ‘मीही पाहिला नाही, आता आपण सगळे मिळून पुस्तकात पाहू’ असे बाईच म्हणतात, तेव्हा पुस्तक कशासाठी असते हे चार वर्षांच्या मुलालाही उमगते.

तरीही पहिल्या दिवशी पुस्तक किंवा कात्री बाहेर काढू नये, असे मला वाटते. पहिला दिवस आपल्या तलावाचा असावा. आपला जिल्हा तलावांचा आहे. डोंगा, जाळे, शिंगाडे, पाणकोंबड्या आणि बांधावर वाळत घातलेली मासळी आपल्या मुलांनी पाहिलेली आहे. मुलांना मोठ्यांसोबत बांधावर न्या आणि पलीकडच्या काठावर काय दिसते ते विचारा. कोणी झाड सांगेल, कोणी म्हैस. मग सांगा की जगात असेही पाणी आहे, ज्याचा पलीकडचा काठ कितीही पाहिले तरी दिसत नाही. समुद्राची याहून चांगली व्याख्या या वयाला देता येईल असे मला वाटत नाही.

परत आल्यावर अंगणात रांगोळीने पाण्याची वाट काढा. सांडव्यावरून निघालेले पाणी नाल्याने वैनगंगेला मिळते. वैनगंगा दक्षिणेकडे वाहत जाऊन वर्धा नदीला भेटते. तिथून पुढे त्या दोघींच्या एकत्र प्रवाहाला प्राणहिता म्हणतात. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत शिरते आणि गोदावरी आंध्र प्रदेशातून बंगालच्या उपसागराला मिळते. प्रत्येक मुलाने आपली कागदी होडी हाताने सरकवत या वाटेने शेवटपर्यंत न्यावी. (बुलढाणा-अकोल्याकडील वाचकांनी मात्र हा नकाशा तसाच गिरवू नये. त्यांची पूर्णा तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळून अरबी समुद्राकडे जाते. विदर्भाचे पाणी असे दोन दिशांच्या दोन समुद्रांना पोहोचते, हे मोठ्या मुलांना आवर्जून सांगावे.)

दुसऱ्या दिवशी खारटपणा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे मिठाचे सुमारे सहा सपाट लहान चमचे. पिण्याच्या स्वच्छ पाण्यात मुलांसमोर एकेक चमचा मोजून घाला आणि बोटाच्या टोकावरचा एक थेंब जिभेला लावू द्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटेल ते कोणत्याही चित्रात सापडणार नाही. नंतर दुसऱ्या भांड्यातल्या पाण्यात बटाट्याची फोड टाकून, ती तळातून वर येईपर्यंत मीठ घालत ढवळत राहा. यासाठी समुद्रात असते त्याहून बरेच अधिक मीठ लागते, तेव्हा ‘समुद्रात बटाटा तरंगतो’ असा चुकीचा निष्कर्ष मुलांच्या मनात राहू देऊ नका.

आता हस्तकला. साहित्य नाही असे आपण लिहिता. परंतु आपल्या परिसरात जे आहे ते शहरातल्या दुकानात विकत मिळत नाही. पळसाचा द्रोण उपडा करून त्याच्या कडेला सुतळीचे उकललेले धागे लोंबते बांधले की जेलीफिश तयार होतो. तो दाराला टांगा, वाऱ्याने हलू द्या आणि सांगा की या प्राण्याला हाडे नाहीत, मेंदू नाही, तरीही तो पोहतो. वेलीवर वाळलेल्या घोसाळ्याचे साल काढून आडवे काप केले की जाळीदार प्रवाळ मिळते. पिंपळाचे वाळलेले पान हा तर तयार मासा आहे, त्याचे लांब टोक म्हणजे शेपटी. घरच्या कापसाचा लाटेवरचा फेस होतो. नारळाची अर्धी करवंटी पालथी घालून, कडा फरशीवर घासून बोथट केल्या की कासवाची पाठ होते. डोके आणि पाय, पोळ्याला ज्या मातीचे बैल करतात त्याच मातीचे करावेत. कासव तयार होत असतानाच त्याची गोष्ट सांगा. कोकणच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून समुद्रात परत जाते, आणि पुढे पिल्ले आईवाचून स्वतःच पाण्याकडे धावतात. हात गुंतलेले असताना मुले जितक्या एकाग्रतेने ऐकतात, तितकी ती रांगेत बसवून ऐकत नाहीत, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

हाताच्या ठशांचा एक खेळ मला विशेष प्रिय आहे. एका हाताची पाच बोटे पसरून ठसा उमटवला की तारामासा होतो, कारण बहुतेक तारामाशांना पाचच भुजा असतात. दोन्ही हातांचे ठसे अंगठे मिटून उमटवले की आठ भुजांचा ऑक्टोपस होतो. अंगठ्यांसह उमटवले की दहा पायांचा खेकडा होतो, ज्याचे दोन अंगठे म्हणजे नांग्या. धानाच्या बांधीतला खेकडा मुलांनी पाहिलेला असतो, त्यामुळे ती लगेच मोजून खात्री करतात. पाच, आठ आणि दहा या संख्या अशा हातात बसल्या की फळ्यावर वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत.

काही सावधगिरी मात्र कसोशीने पाळावी. डोळ्यांसाठी चिंचोके चालतात, तेही मोजून द्यावेत आणि मोजून परत घ्यावेत. तीन वर्षांखालील भावंड सोबत आले असेल तर कोणतीही बी त्याच्या हाती पडू देऊ नये. लाल-काळी गुंज कितीही सुंदर दिसली तरी अजिबात वापरू नका. ती चावून पोटात गेल्यास जिवावर बेतते. एरंडीचे बीही विषारी आहे, आणि सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांना इजा करते. चिकटवण्यासाठी मैद्याची खळ रोज ताजी शिजवावी. ती टिकावी म्हणून काही लोक तिच्यात मोरचूद घालतात, तसे मुलांच्या कामात करू नये.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. बावीस मुलांचे बावीस मासे सारखे दिसू लागले, तर ते मासे बाईंनी केलेले आहेत असे समजावे. एखाद्या मुलीने माशाला पाय काढले, तर ते खोडू नका. तो कुठे चालला आहे एवढेच विचारा आणि तिचे उत्तर तिच्याच शब्दांत चित्राखाली लिहून ठेवा. अशी बारा-पंधरा चित्रे जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर चिकटवून दोऱ्याने शिवली की आपल्या अंगणवाडीचे समुद्राचे पहिले चित्रपुस्तक तयार होईल, आणि मुले तेच सर्वांत जास्त वेळा मागतील.

प्रश्न : माझी मुलगी पाच वर्षांची आहे. शहरातील नातेवाइकांनी दिलेले सागरी प्राण्यांचे एक इंग्रजी चित्रपुस्तक आमच्याकडे आहे. ती रोज रात्री तेच वाचायला लावते आणि ‘देवमासा मासा नसतो, मग त्याला मासा का म्हणतात?’ यांसारखे प्रश्न विचारते. तालुक्याच्या दुकानात शालेय गाइडशिवाय काही मिळत नाही. मराठी पुस्तके कुठून आणावीत आणि कशी निवडावीत? (एक शेतकरी पालक, बुलढाणा जिल्हा)

उत्तर : तेच पुस्तक रोज मागणे हे कंटाळवाणे वाटले तरी चांगले लक्षण आहे. पहिल्या वाचनात मूल गोष्ट ऐकते, पाचव्या वाचनात कोपऱ्यातला लहान खेकडा शोधते, आणि दहाव्या वाचनात पान उलटण्याआधीच पुढचे वाक्य म्हणते. पुस्तक इंग्रजी असल्याने अडू देऊ नका. चित्र पाहून आपल्या बोलीत सांगा; वऱ्हाडी असो, झाडीबोली असो, गोंडी वा कोरकू असो, घरच्या भाषेत सांगितलेला समुद्र मुलाला परका वाटत नाही. ‘हा काय आहे? तो कोणत्या रंगाचा आहे?’ अशी परीक्षा मात्र पानोपानी घेऊ नका.

देवमाशाचा प्रश्न फार चांगला आहे. तो पाण्यात राहतो आणि आकाराने माशासारखा दिसतो, म्हणून जुन्या माणसांनी त्याला मासा म्हटले. प्रत्यक्षात तो गाय-म्हशीसारखा सस्तन प्राणी आहे. त्याची मादी पिल्लाला दूध पाजते आणि त्याला श्वास घेण्यासाठी पाण्यावर यावे लागते. ओळखण्याची एक सोपी खूण मुलीला दाखवा : मासा शेपूट डावी-उजवीकडे हलवतो, तर देवमासा वर-खाली. हाताच्या पंजाने दोन्ही हालचाली करून पाहिल्यावर ती हा फरक विसरणार नाही. तारामासाही मासा नाही. उलट, ज्याला आपण समुद्रघोडा म्हणतो तो खराखुरा मासा आहे आणि त्याची अंडी नराच्या पोटावरील पिशवीत वाढतात. शेतातून थकून आलेल्या वडिलांच्या मांडीवर बसून हे ऐकणाऱ्या मुलीला ते फार आवडेल.

पुस्तकांविषयी : नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालिकेतील मराठी पुस्तके स्वस्त असतात. पुण्याचे ज्योत्स्ना प्रकाशन मराठीतील चित्रपुस्तकांसाठी आवर्जून पाहावे, आणि चेन्नईचे तूलिका मराठीतही पुस्तके काढते. दुकान दूर असेल तर ‘प्रथम बुक्स’ या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तके विनामूल्य वाचता येतात, उतरवून घेता येतात आणि छापताही येतात. तेथे पुस्तकांच्या चार वाचनपातळ्या आहेत. आपल्या मुलीसाठी पहिलीपासून सुरुवात करावी. शक्य तेव्हा पाने छापून घ्या, कारण मोबाइलवर मुलाचे बोट चित्रावर ठेवले की चित्रच सरकते. निवडताना पानावर एक मोठे, स्पष्ट चित्र आणि दोन-तीन ओळी असाव्यात. प्रत्येक पानाखाली उपदेश छापलेला असेल, तर ते पुस्तक मी घेणार नाही.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनात पहिलीच्या मुलांसाठी समुद्राचा देखावा करायचा आहे. थर्मोकोल आणि चमकी वापरण्याचा काही सहकाऱ्यांचा आग्रह आहे. दुसरा मार्ग आहे का? (शिक्षिका, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : सजावटीच्या थर्मोकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, त्यामुळे तो प्रश्न मिटलेला आहे. चमकी म्हणजे बहुधा प्लॅस्टिकचेच बारीक कण. झाडून नालीत गेले की ते नदीच्या वाटेने पुढे जातात, आणि ज्या समुद्राचा देखावा आपण केला त्याच्याच माशांच्या पोटी ते येऊ शकतात. निळे जुने लुगडे दोन्ही टोकांना मुलांनी धरून हळूहळू हलवले की मंचावर जिवंत लाटा उठतात. मागे तुराट्या-पऱ्हाट्यांचा सांगाडा बांधून त्यावर मुलांनी रंगवलेले कागदी मासे लावा. तुराटीची टोके कापडाने गुंडाळायला विसरू नका.

प्रश्न : आम्ही उन्हाळ्यात कोकणात जाणार आहोत. गावच्या बालवाडीसाठी पिशवीभर शंख-शिंपले आणावेत का? (आजी, वर्धा जिल्हा)

उत्तर : पिशवीभर आणू नयेत. रिकामा शंख संन्यासी खेकड्याचे घर असतो आणि तो वाढला की त्याला आणखी मोठा शंख शोधावा लागतो. भरतीच्या रेषेवर पडलेले, फुटलेले, आत कोणी नसलेले पाच-सहा शिंपले पुरेत. ते उकळत्या पाण्यातून काढून, धारदार कडा घासून मुलांच्या हाती द्यावेत. दुकानात प्रवाळ किंवा वाळवलेला समुद्रघोडा विकायला ठेवलेला दिसला तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दोहोंना संरक्षण आहे. त्याऐवजी एका बाटलीत समुद्राचे पाणी आणि एका पुडीत मूठभर वाळू आणा. घरी परतल्यावर ते पाणी ताटलीत ओतून उन्हात ठेवा, आणि तळाशी मीठ उरेपर्यंत मुलांना रोज पाहू द्या.