फॅन्टसी ॲनिमेमधले लष्करी डावपेच आणि प्रशिक्षण खरंच पटण्यासारखं असतं का?

सगळ्या ॲनिमेंना एका मापात मोजता येणार नाही, म्हणून मी फक्त ‘अटॅक ऑन टायटन’ या जपानी कार्टून मालिकेबद्दल लिहितो. त्यात माणसं खाणाऱ्या राक्षसांपासून, म्हणजे टायटनांपासून, वाचायला लोक उंच भिंतींच्या आत राहतात, आणि सैनिक कमरेच्या गॅसवर चालणाऱ्या यंत्रातून तारा सोडून त्यांच्या जोरावर हवेत उडत लढतात. पहिल्या सीझनमधलं बरंच काही उघड होणार आहे, ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी इथेच थांबावं. माझी लष्करी लायकी म्हणाल तर कॉलेजातली तीन वर्षांची एनसीसी, बस्स.

डावपेच मला अपेक्षेपेक्षा बरेच पटले. प्रशिक्षण अर्धंमुर्धं.

ट्रॉस्ट या भिंतीलगतच्या शहराची लढाई घ्या. नवी पोरं टायटनांच्या तोंडी पडतात हे खरं, पण उरलेली अडकतात ती गॅस संपल्यामुळे. माघारीचा हुकूम झालाय, भिंत समोर दिसतेय आणि तिच्यावर चढायला टाकीत गॅस नाही! का, तर मुख्यालयातली पुरवठा तुकडी हाय खाऊन आत दडून बसलीये. रसदीपायी फौज बुडाल्याची उदाहरणं इतिहासात ढिगानं सापडतील, पण तलवारबाजीच्या गोष्टीत ते दाखवायची हिंमत क्वचित दिसते. पुढचा तोडगाही साधा आहे. गॅसच्या कोठारात सात छोटे टायटन शिरलेत. बंदूकवाल्यांना मालाच्या लिफ्टमधून खाली सोडायचं, त्यांनी जवळून सगळ्यांच्या डोळ्यांवर एकदम बार काढायचे आणि वर तुळयांवर दबा धरलेल्या सात जणांनी त्याच क्षणी मानेवर वार करायचा, कारण टायटन मरतो तो फक्त मानेवरच्या वारानं. त्यातही दोघांचे वार चुकतातच. मला योजना पटली ती या दोन चुकांमुळे.

दुसरी गोष्ट भिंतीबाहेर मोहिमेवर जाणाऱ्या तुकडीच्या सेनापतीची, एर्विनची, टेहळणी रचना. टायटनांशी लढायचंच नाही, त्यांना चुकवत जायचं. घोडेस्वार लांबलांब पांगलेले. टायटन दिसला की लाल धूर, विचित्र वागणारा दिसला की काळा, आणि दिशा बदलायची तर मधून हिरवा. मुख्य फौजेपुढे घोडदळाची विरळ फळी पसरून शत्रूचा माग घेणं ही जगभरच्या सैन्यांची जुनी रीत. धुराचा निरोप पुढच्याने पुढच्याला द्यायचा, म्हणजे आपल्या गडांवरच्या इशारतीच्या तोफांचाच भाऊ. मधल्या गाड्यांत सामान, शिवाय बरोबर जादा घोडे. उजवी फळी कापली जाते तेव्हा ती बातमी धुरानं कळत नाही, एक स्वार धापा टाकत तोंडी सांगायला येतो. आणि फितूर शोधायला एर्विन वेगवेगळ्या तुकड्यांना एरेनची (हा कथानायक, शत्रूला हवा असलेला) वेगवेगळी जागा दाखवणारे आराखडे देतो. हल्ला कुठल्या बाजूनं आला, यावरून कुठला कागद फुटला ते कळतं. हेरखात्यात ही युक्ती खरोखर वापरतात.

आता प्रशिक्षण. तीन वर्षं घासून शेवटी गुणांची यादी लागते, आणि पहिल्या दहांना मिलिटरी पोलिसात जाता येतं, म्हणजे आतल्या भागात, टायटनांपासून सगळ्यात लांब. सगळ्यात चांगले लढवय्ये सगळ्यात सुरक्षित जागी! वेडेपणा वाटतो, पण ज्याने सरकारी बदल्या जवळून पाहिल्यात त्याला वाटणार नाही. एरेनच्या बरोबरीची प्रशिक्षणार्थी ॲनी तर हे तोंडावर बोलून दाखवते.

खटकतं ते वेगळंच. जे दिसतं ते बहुतेक एकेकट्याचं कसब: कोण जास्त चपळ, कोणाचा वार खोल. आमच्या एनसीसीच्या कॅम्पात एकाचं पाऊल चुकलं की अख्ख्या स्क्वाडला पुन्हा ‘तेज चल’. तेव्हा उस्तादांना मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्यात, पण घाबरल्यावर डोकं बंद पडलं तरी पाय शेजाऱ्याबरोबरच पडावेत, यासाठी ती घोकंपट्टी असते. ती पडद्यावर जवळजवळ नाहीच. मग ट्रॉस्टमध्ये एक साथी गेल्याबरोबर एरेन रागानं एकटाच टायटनामागे धावतो आणि त्याची तुकडी फुटते, यात नवल नाही.

घोडे मात्र अजिबात पटले नाहीत. खरा घोडा चौखूर उधळला की काही किलोमीटरांतच दमतो. फौजा चालीत आणि दुडकीत आलटून पालटून मजल मारायच्या. इथले घोडे दिवसभर भरधाव. तारेला लटकून हवेत कोलांट्या मारण्याबद्दल तर बोलूच नका, तसल्या एका झटक्यात माझी कंबर गेली असती.

वेळ कमी असेल तर ट्रॉस्टचे भाग तेवढे बघा, आणि कोणाच्या टाकीत किती गॅस उरलाय याच्यावर नजर ठेवा.