वाचक विचारतात : चेकपॉइंट म्हणजे बॅकअप नव्हे

प्रश्न : उद्यमबागेत आमची फाउंड्री आहे. एका मोठ्या सर्व्हरवर हायपर-व्ही टाकून हिशेब, स्टॉक आणि सगळ्यांचं लॉगिन तपासणारा डोमेन कंट्रोलर असे तीन व्हर्च्युअल सर्व्हर चालवतो. बसवून देणाऱ्यानं सांगितल्याप्रमाणे दर महिन्याला चेकपॉइंट घेतो, तोच आमचा बॅकअप. परवा हिशेबाचा सर्व्हर आपोआप थांबला आणि 'पॉज्ड-क्रिटिकल' दिसू लागलं. ड्राइव्ह भरलाय. फोल्डरमध्ये 'एव्हीएचडीएक्स' नावाच्या मोठमोठ्या फाइली आहेत. त्या पुसून जागा करू का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : त्या फाइलींना हातही लावू नका. तुमचा अलीकडचा सगळा हिशेब त्यांच्यातच आहे.

चेकपॉइंट म्हणजे सर्व्हरची त्या क्षणाची स्थिती टिपून ठेवणं. तो घेतला की मूळ डिस्कची फाइल तिथंच गोठते आणि पुढची प्रत्येक नोंद नव्या एव्हीएचडीएक्स फाइलीत लिहिली जाते. पुढच्या महिन्याच्या चेकपॉइंटनं तिच्यावर आणखी एक फाइल चढते. अशी साखळी तयार होते, आणि मधली एक कडी पुसली की तिच्यावर उभं असलेलं सगळं जातं. शिवाय ही सगळी साखळी एकाच ड्राइव्हवर आहे. ड्राइव्ह जळला तर मूळ फाइलही गेली आणि चेकपॉइंटही. म्हणून याला बॅकअप म्हणता येत नाही. अपडेट टाकण्याआधी घ्यायचा, दोन दिवस बघायचं आणि काढून टाकायचा, एवढंच त्याचं काम.

आता सुटका कशी करायची ते सांगतो. त्याच ड्राइव्हवर इन्स्टॉलेशनच्या आयएसओ किंवा तसलं काही पडलं असेल तर ते दुसरीकडे हलवा. थोडी जागा झाली की सर्व्हर पुन्हा चालू होतो. मग तो व्यवस्थित शटडाउन करा आणि त्याचं अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. ही कॉपी पूर्ण झाल्याशिवाय पुढं जाऊ नका. नंतर हायपर-व्ही मॅनेजरमध्ये चेकपॉइंटवर उजवं क्लिक करून 'डिलीट' निवडा. नाव भीतीदायक असलं तरी इथं डिलीट म्हणजे त्या फाइलीतल्या नोंदी मागच्या फाइलीत मिसळणं, आजचा डेटा जात नाही. शेजारीच 'अप्लाय' आहे, ते मात्र दाबू नका. त्यानं सर्व्हर त्या जुन्या तारखेला परत जातो. मूळ डिस्क डायनॅमिक, म्हणजे गरजेप्रमाणे वाढणारी, असेल तर मिसळताना ती फुगते, तेवढी जागा आधी मोकळी हवी. शेकडो जीबी असतील तर हे मिसळणं ('मर्ज') तासन् तास चालतं, तेव्हा जनरेटरची सोय बघूनच सुरू करा.

डोमेन कंट्रोलरवर महिन्यापूर्वीचा चेकपॉइंट लावण्याचा विचारही करू नका. विंडोजचे संगणक डोमेनशी असलेला आपला छुपा पासवर्ड साधारण दर ३० दिवसांनी बदलतात. कंट्रोलर मागं गेला की त्याला नवा पासवर्ड माहीत नसतो, आणि सकाळी कामगार आल्यावर अनेकांचं लॉगिन अडू शकतं.

यापुढे रोज रात्री वेगळ्या यंत्रावर बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर लावा. ते व्हीएसएस (चालू फाइलींची प्रत घेण्याची विंडोजमधली सोय) वापरून डेटाबेसला क्षणभर थांबवतं का, हे तपासा. तसं होत नसेल तर ती प्रत म्हणजे प्लग खेचून बंद केलेल्या सर्व्हरची प्रत. बहुतेक वेळा ती चालते, पण ऐन मार्चअखेरीला चालली नाही तर काय?

प्रश्न : आमची पतसंस्था निपाणीत आहे. प्रॉक्समॉक्सवर (हायपर-व्हीसारखंच व्हर्च्युअल सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) रोज रात्री ११ वाजता बॅकअप होतो, हिरवी खूण येते. ऑडिटर म्हणतात, परत आणून दाखवा. चालू सर्व्हरला धक्का न लावता कसं दाखवायचं?

उत्तर : ऑडिटर अगदी बरोबर सांगताहेत. हिरव्या खुणेचा अर्थ फाइल लिहिली गेली एवढाच होतो.

सर्व्हरच्या स्वतःच्या 'बॅकअप' टॅबमधून 'रिस्टोअर' करू नका, ते चालू सर्व्हरवरच लिहितं. डावीकडच्या यादीत बॅकअपचं स्टोरेज उघडा, तिथली प्रत निवडा आणि नवा व्हीएम क्रमांक द्या. 'युनिक'वर खूण करा म्हणजे नेटवर्क कार्डाला नवा मॅक पत्ता, म्हणजे जाळ्यातला ओळख-क्रमांक, मिळतो. रिस्टोअर झाल्यावर लगेच सुरू होण्याची खूण काढा. मग नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये 'डिस्कनेक्ट' करूनच सर्व्हर सुरू करा. नाहीतर एकाच आयपीचे दोन सर्व्हर जाळ्यात येतील आणि काउंटरवरच्या नोंदी भलतीकडे जातील.

लॉगिनचा पडदा आला म्हणून थांबू नका. डेटाबेस उघडा आणि शेवटचा व्हाउचर क्रमांक काढा. तो आदल्या संध्याकाळच्या रोजकीर्दीशी जुळायला हवा. किती वेळ लागला तेही लिहून ठेवा. ६०० जीबीचा सर्व्हर गिगाबिट जाळ्यावर सेकंदाला ११० एमबीनं साधारण दीड तासात येतो. मध्ये एखादा जुना १०० एमबीपीएसचा स्विच असेल तर तेच काम १५ तास घेतं. हा स्विच बहुधा टेबलाखाली धूळ खात असतो आणि कुणाच्या लक्षात नसतो.

आणखी दोन गोष्टी बघा. सर्व्हरच्या आत क्यूईएमयू गेस्ट एजंट (प्रॉक्समॉक्सशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम) चालू आहे का? तो नसेल तर डेटाबेस थांबवला जात नाही. दुसरं म्हणजे बॅकअप एन्क्रिप्ट केला असेल तर त्याची किल्ली कुठं आहे? ती त्याच सर्व्हरवर असेल तर सर्व्हर गेल्यावर बॅकअप उघडणारच नाही. किल्ली कागदावर छापून एक प्रत तिजोरीत आणि एक दुसऱ्या शाखेत ठेवा.

दुसऱ्या शाखेबद्दलही एक सुचवतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता. एकमेव बाहेरची डिस्क बेळगावात असेल तर अशा दिवशी ती निपाणीला येणार कशी? एक प्रत गावातच, पण वेगळ्या इमारतीत ठेवा.

प्रश्न : खानापुरातून ४०० जीबीचा बॅकअप इंटरनेटवर पाठवणं शक्य आहे का? अपलोड २० एमबीपीएस मिळतो. आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे.

उत्तर : पहिल्यांदा नाही. सलग ४४ तास लागतील, आणि पावसाळ्यात तिकडं लाइन इतका वेळ टिकेल याचा भरवसा धरू नका. पहिली प्रत डिस्कवर घेऊन गाडीनं न्या. नंतर रोज बदललेला भागच जातो, ८ जीबी असेल तर तासाभरात. कंपन्यांना ऑगस्ट २०२२ पासून हिशेबाच्या पुस्तकांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं बंधनकारक आहे, तेव्हा सेवा निवडताना सर्व्हर कुठं आहे ते विचारा.

बॅकअपची जागा कुठल्याही संगणकावर 'झेड ड्राइव्ह' म्हणून जोडू नका आणि तिचं लॉगिन डोमेनपेक्षा वेगळं ठेवा. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, जिथपर्यंत पोचू शकतं ते सगळं कुलूपबंद करतं, बॅकअपसुद्धा.