आधी तुमचा प्रश्न, मग कांट

तत्त्वज्ञान वाचून नैतिक प्रश्न सुटतात का, असं तुम्ही विचारलंत. आयतं उत्तर मिळत नाही, पण गुंता नेमका कुठे आहे ते दिसतं. त्याचा फार उपयोग होतो.

आत्याला कॅन्सर निघाला तेव्हा 'तिला कळू द्यायचं नाही' असं घरात ठरत होतं. आम्ही ओट्यापाशी कुजबुजत होतो आणि ती आतल्या खोलीत जागीच होती. तिला त्रास होऊ नये हा एक मुद्दा, आणि तिच्या आयुष्याचा निर्णय तिचा हा दुसरा. आम्ही दोन्हींची गल्लत करत होतो, हे मला वाचनामुळेच उमगलं. शेवटी तिलाच विचारलं, "तुला किती जाणून घ्यायचंय?" तिला सगळंच हवं होतं.

सुरुवातीला एवढं सांभाळा:

- स्वतःला छळणारा एकच खरा प्रश्न घ्या.
- लगेच पक्ष निवडू नका. नवखे इथेच अडकतात. खुनी तुमच्या मित्राला शोधत दारात आला तरी खोटं बोलू नये, असं जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने १७९७ मध्ये लिहिलं. हे वाचून पुस्तक मिटू नका. आधी त्याची बाजू त्याच्याइतक्याच ताकदीने मांडून बघा, मग खुशाल भांडा.
- 'ज्याचं त्याचं मत' म्हणून विचार थांबवू नका.

नैतिक सत्य असतं का, हा वाद सध्या बाजूला राहू द्या. तुमचा प्रश्न कोणता आहे? तो चार ओळींत लिहा, तिथूनच सुरू करू.